बोटीचा चार्ज माझ्याकडे

२९ जून २०२५, रविवार. संध्याकाळी ६.३०

आज बोट आली. आमच्या अंजूर गावाच्या इतिहासात नोंद व्हावी असा दिवस. दुसरं कोणी नोंद करणार नाही, म्हणून मीच करतो. निवृत्त होताना ऑफिसातून आणलेलं कोरं रजिस्टर एकदाचं कामी आलं.

सोळा फुटी. फायबरची. पांढरी. सेकंडहँड. मागे चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन. आधीचा मालक म्हणाला, दोन वर्षं पाण्यात गेलेलीच नाही. म्हणजे झीज शून्य. टेम्पोतून ट्रॉलीवर उतरवायला आठ माणसं लागली. त्यांत माझा चुलतभाऊ चिंधू होता. त्याची स्वतःची होडी आहे, लाकडी, वल्ह्याची. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, वल्ही कुठं हायेत? मी त्याला बटण दाखवलं. तो बराच वेळ बटणाकडे बघत राहिला. शिक्षणाचा फरक पडतो.

उद्देश लिहून ठेवतो, मागाहून वाद नको. माझी मोठी बहीण बायजाबाई, म्हणजे आमची बाय, खाडीपलीकडे दिलेली. वय बहात्तर. चार वर्षं माहेरी आलेली नाही. गुडघे धरतात, बसची पायरी चढवत नाही. रस्त्याने आणायचं तर अंजूर फाट्याचे ट्रक, मग पूल, मग पुन्हा ट्रक. अडीच तास. पाण्यातून सरळ पंधरा मिनिटं. बाबा तिला दर राखीला होडीतून आणायचे. तिचं लग्न झालं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आणि धक्क्यावर रडत रडत सांगितलं होतं की मोठा झालो की मी आणायला येईन. गेल्या महिन्यात साठ पूर्ण झाली. मोठा झालो असं धरायला हरकत नाही.

संकल्प : ९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेला, बायला पॉवरबोटीतून माहेरी आणणे. भटजींना विचारलं. राखी दुपारी दीडच्या आत.

ता. क. बोटीबरोबर इंजिन हाताने ओढून चालू करायची एक दोरी निघाली. आपल्याकडे बटण आहे. दोरी गोदूला कपडे वाळत घालायला दिली. संसारात बायकोचाही विचार करावा लागतो.

१ जुलै, मंगळवार

बोटीत दोन बॅटऱ्या. एक फक्त इंजिन सुरू करायला. दुसरी बाकीच्या सोयींसाठी : दिवे, भोंगा, गाणी, आणि आत शिरलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप. दोन्ही उतरलेल्या. त्या चार्ज करण्याची सर्व जबाबदारी आजपासून माझ्याकडे. रजिस्टरात रीतसर लिहिलं : 'बोटीच्या विद्युत विभागाचा चार्ज आज रोजी सकाळी १० वाजता घेतला.' साक्षीदार म्हणून गोदूची सही हवी होती. तिचे हात पिठाचे होते.

गोदूने विचारलं, तुम्हाला त्यातलं कळतं का? मी वीज कंपनीत एकतीस वर्षं होतो. मी फक्त तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, तुम्ही बिलं काढायचात. असं बोलणं मनावर घेऊ नये.

४ जुलै, शुक्रवार

चार्जर आणायला भिवंडीला गेलो. सगळं बंद. कापडाचे लूम बंद, दुकानं बंद, चहावाला अर्ध्या शटरमागे. शुक्रवार. भिवंडीची सुट्टी शुक्रवारी असते, हे मी बाहेरगावच्या लोकांना सांगणारा माणूस. एकतीस वर्षं लूमवाल्यांची बिलं काढली आणि आज रिकाम्या हाताने रिक्षात बसलो. निवृत्तीनंतर वार विसरतात म्हणतात.

लाल शाईने लिहून ठेवतो : *शुक्रवार विसरणे नाही.*

६ जुलै, रविवार

काल चार्जर आणला. खास बोटीचा. पाणी उडालं तरी चालतं. एकाच वेळी दोन बॅटऱ्या. वर एक हिरवा दिवा आणि एक छोटी खिडकी, तिच्यात शब्द उमटतात. सोबत बत्तीस पानी पुस्तिका, इंग्रजीत. पहिलं पान वाचलं. अभिनंदन केलेलं आहे. उत्पादनाबद्दल पुरेशी कल्पना आली.

दुपारी जोडला. खिडकीत आलं 'बल्क'. बल्क म्हणजे घाऊक. भरपूर वीज जात आहे. समाधान वाटलं. गोदूला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, बरं.

७ जुलै, सोमवार

सकाळी बघतो तर खिडकीत 'फ्लोट'. फ्लोट म्हणजे तरंगणे. बोट अंगणात, ट्रॉलीवर, शेजारी कढीपत्ता. कुठे तरंगते आहे? मशीन चुकीची माहिती देत आहे. प्लग काढला, पुन्हा लावला. 'बल्क' आलं. खात्याचा अनुभव असा कामी येतो.

१२ जुलै, शनिवार

रोज सकाळी तेच. रात्रीत हे मशीन फ्लोटवर जातं, मी त्याला बल्कवर आणतो. शिस्त लागेपर्यंत कोणालाही दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. सेक्शनला नवा क्लार्क आला की असंच असायचं.

दुकानदाराला फोन करून तक्रार केली. तो म्हणाला, फ्लोटवर गेला म्हणजे काम झालं काका, राहू द्या तसाच. मी त्याला समजावलं की फ्लोट ही सोय बोट पाण्यात असताना वापरायची आहे. तो म्हणाला, पुस्तिका वाचा. त्याला मुद्दा पटलेला दिसला.

१९ जुलै, शनिवार

बायचा फोन. कान जरा कमी झालेत, त्यामुळे तीच बोलते. ये यंदा तरी, म्हणाली. मी बोटीची लांबी, इंजिनाची ताकद, दोन बॅटऱ्या, सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरा हाय, पन ये. बोटीबद्दल तिला खूपच उत्सुकता आहे.

गोदूचं मत : रिक्षा करा आणि उद्या जाऊन घेऊन या. मी म्हटलं, राखीला बोटीने आणीन असं तिला गेल्या राखीला सांगितलंय. गोदू म्हणाली, त्याच्या आदल्या राखीलापण सांगितलं होतं. ती असल्या गोष्टी लक्षात ठेवते.

२८ जुलै, सोमवार. सकाळी ११

श्रावणातला पहिला सोमवार. सकाळी साडेआठला शेजारच्या सुकन्यावहिनी दारात. नाकाला पदर. म्हणाल्या, भावजी, आज सोमवार, आणि तुमच्याकडे अंडी उकडतायत? नासकी हायेत जनू. मी म्हटलं आमच्याकडे अंडं नाही. त्या म्हणाल्या, वास येतोय. आणि वास येत होता. सगळ्या आळीत येत होता. गोदूने देवघर सोडून अंगणात येऊन माझ्याकडे असं पाहिलं की मीच पहाटे उठून डझनभर अंडी फोडली असावीत.

वास बॅटरीचा. हात लावला तर तापलेली. पोट फुगलेलं. आतून उकळल्याचा आवाज.

११.४५. दुकानदार म्हणाला, ताबडतोब बंद करा, विडी-काडी जवळ नेऊ नका, आतलं पाणी आटलंय, रोज रोज बल्कवर का घेतलंत? डिस्टिल्ड वॉटर घाला आणि फ्लोटवर गेली की सोडून द्या. इंजिनाच्या बॅटरीचं आयुष्य कमी झालंय, म्हणाला. मी म्हटलं, आयुष्य कोणाचं वाढतं?

दुपारपर्यंत गावात पसरलं की केसरीनाथ श्रावणात अंडी खातो. संध्याकाळी देवळाबाहेर दोन माणसांनी नमस्कार घेतला नाही. विज्ञान समजून घेणारी माणसं कमी.

संकल्प : पुस्तिका पान दोनपासून वाचणे.

२ ऑगस्ट, शनिवार

पुस्तिका उद्यापासून. आज महत्त्वाचं काम होतं.

बोटीत एक गोल बटण सापडलं. फिरवलं की एक, दोन, दोन्ही, बंद. एकवर पहिली बॅटरी, दोनवर दुसरी. दोन्हीवर दोन्ही. मी विचार करून कायमस्वरूपी 'दोन्ही'वर ठेवलं. एक बॅटरी अशक्त आहे, दुसरी तिला सांभाळून घेईल. आमच्या घरात तरी एकत्र कुटुंबाचा फायदाच झाला.

चिंधू कुंपणाशी उभा होता. त्याला समजावलं. तो म्हणाला, दोगांना येकाच कामाला नको लाव. खाऱ्या खाडीत जाताना आमी गोड्या पान्याचा येक मटका झाकून ठेवतो, त्याला कोन हात न्हाय लावत. तो परत येयाचा मटका. मी त्याला सांगितलं की बॅटरी आणि मटका यात फरक आहे. तो म्हणाला, असंल.

इंजिन पिंपात पाणी भरून चालू करून बघितलं. तिसऱ्या प्रयत्नात लागलं. आळीतली कोंबडी दोन तास परत आली नाहीत. आता पाण्यातल्या चाचणीची गरज नाही. शिवाय नारळीपौर्णिमेला खाडीला नारळ दिल्याशिवाय नवी बोट उतरवायची नाही असं गाव म्हणतं. गावाचा मान ठेवला पाहिजे.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून लाईट पाच वेळा गेली. जेव्हा असते तेव्हा पंखा मोजता येईल इतका हळू फिरतो. अशा विजेवर दोन बॅटऱ्या भरणार कशा? माझ्याच जुन्या खात्याची वीज, म्हणून जास्त लिहीत नाही.

दुपारी झोपेत कल्पना सुचली. भिवंडीत फखरुद्दीनभाईंचं लूमचं शेड. त्यांच्याकडची वीज दणदणीत. माझी त्यांची ओळख एकतीस वर्षांची. त्यांच्या बिलावर माझंच नाव असायचं. फोन केला. म्हणाले, आणून ठेवा साहेब, आपलंच शेड आहे. हल्ली मंदी आहे, एकच शिफ्ट चालवतो, पण पॉइंट मोकळा आहे.

गोदू पुन्हा रिक्षा म्हणाली. मी ऐकलं नसल्यासारखं केलं.

७ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी ७.३०

दोन्ही बॅटऱ्या आणि चार्जर रिक्षातून भिवंडीला. एका बॅटरीवर मी, दुसरीवर रिक्षावाल्याचा पाय. पाऊस. लूमचा खडखडाट इतका की फखरुद्दीनभाई काय बोलले ते नीट कळलं नाही. घड्याळ दाखवून काहीतरी म्हणत होते. मी अंगठा दाखवला. त्यांचा मुकादम शमीम, बिहारकडचा, त्याने प्लग लावून दिला. पावणेसात वाजता हिरवा दिवा लागला. खिडकीत बल्क.

सहा तासांत भरतात, पण मी परवा सकाळपर्यंत ठेवणार आहे. अडतीस तास. कोणतंही काम करावं तर पूर्ण करावं. दुकानदाराच्या सल्ल्याप्रमाणे फ्लोटवर गेली तर या वेळी जाऊ देणार. मी हट्टी नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळीपौर्णिमा

सकाळी खाडीवर नारळ दिला. बोट ट्रॉलीसकट धक्क्यावर नेली. चिंधू आणि सहा जणांनी दोरीने पाण्यात उतरवली. तरंगली. गोदूने हळदकुंकू लावलं. पुढच्या भागावर नाव रंगवून घेतलंय : 'बायजा एक्सप्रेस'. चिंधूने बोटीत वल्ही टाकू का विचारलं. मी म्हटलं, लग्नाच्या वरातीत कोणी कुबड्या नेतं का?

बॅटऱ्यांची चौकशी करायला फखरुद्दीनभाईंना दोनदा फोन केला. उचलला नाही. कामात असणार.

संध्याकाळी भाजी आणायला फाट्यापर्यंत गेलो. रस्ता मोकळा. ट्रक कमी, गोंगाट नाही, भिवंडीकडून खडखडाट ऐकू येत नव्हता. छान शांत वाटलं. उद्याच्या मोठ्या दिवसाआधी निसर्गसुद्धा श्वास रोखून धरतो.

बायला फोन केला. म्हणाली, नऊपासून धक्क्यावर बसन. मी सांगितलं, भरती दुपारी, मी बारानंतर येणार, घरीच थांब. ती म्हणाली, नऊपासून बसन.

९ ऑगस्ट, शनिवार. राखीपौर्णिमा

(रजिस्टर बोटीत सोबत ठेवलं आहे. प्रवास ऐतिहासिक आहे.)

सकाळी ९.०५. बॅटऱ्या ताब्यात घेतल्या. शेडमध्ये लूम जोरात. चार्जरवर हिरवा दिवा. खिडकीत बल्क. अडतीस तासांनंतरही बल्क, म्हणजे विचार करा किती भरली असेल. शमीम माझ्यामागे मागे येत होता. म्हणाला, साब, कल तो जुम्मा था. मी म्हटलं, जुम्मा मुबारक. तो म्हणाला, नहीं साब, वो मेन... मी म्हटलं, मेन गोष्ट म्हणजे वेळ, आणि रिक्षात बसलो. माणूस भला आहे. सणाच्या शुभेच्छा द्यायच्या राहून गेल्या.

११.५०. बॅटऱ्या जोडल्या. गोल बटण 'दोन्ही'वर. पांढरा शर्ट, कॅप. दोन लाइफ जॅकेटं, एक बायचं. धक्क्यावर पन्नासेक माणसं. सुकन्यावहिनीसुद्धा, नाकाला पदर न लावता. गाणी लावली. किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा लागलं. टाळ्या पडल्या. मी त्यांना हात दाखवला, मंत्री दाखवतात तसा.

१२.२५. पलीकडे. पंधरा मिनिटांचं अंतर तेहेतीस मिनिटांत कापलं, कारण मध्ये जलपर्णी होती आणि एकदा मी उलट दिशेने गेलो. बाय धक्क्याच्या पायरीवर बसलेली. हिरवं लुगडं, छत्री, पिशवी, मांडीवर नारळाच्या करंज्यांचा डबा. नऊपासून. मला बघून उठायला लागली आणि गुडघ्यामुळे परत बसली. मी इंजिन बंद केलं. पाहुण्याने इंजिन चालू ठेवून उभं राहणं बरं दिसत नाही.

बायच्या सासरचं सगळं गाव बघायला आलं. प्रत्येकाला भोंगा वाजवून दाखवला. एका भाच्याला गाण्याचा आवाज किती वाढतो ते बघायचं होतं. बराच वाढतो. बोटीत थोडं पाणी शिरलेलं होतं, ते पंपाने बाहेर फेकून दाखवलं. दिवेपण लावले. दिवसा फारसे दिसत नाहीत, पण आहेत हे कळलं. बाय चहा घ्यायला चल म्हणाली, मी म्हटलं वेळ नाही, आणि मग सगळ्यांना पुन्हा भोंगा.

१.०५. बायला बोटीत घेतलं. चौघांनी उचलून. डबा तिने सोडला नाही. किल्ली फिरवली.

टक्.

१.०६. टक्.

१.०८. टक्-सुद्धा नाही.

१.१२. गाणं थांबलं. ते आपोआप थांबलं. गोल बटण एकवर केलं, मग दोनवर. दोन्ही बॅटऱ्या सारख्याच मेलेल्या. सांभाळून घेणारीही गेली. एकत्र कुटुंब.

भाच्याने विचारलं, मामा, ओढायची दोरी असते ना अशा इंजिनाला? असते. ती घरी आहे. तिच्यावर माझे दोन बनियन आणि एक लुंगी आहे.

चार्जर मात्र सोबत होता. प्लग हातात घेऊन मी धक्क्यावर पॉइंट शोधला. जवळचं घर शंभर पावलांवर. त्या घरातल्या बाईने विचारलं, किती वेळ लागंल? मी म्हटलं, सहा तास. त्यांनी वर आकाशाकडे पाहिलं. तेव्हा भरती उतरली असती आणि बोट चिखलात.

बाय म्हणाली, दीड वाजता पुनव सरतंय. एवढंच. चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

१.१७. खाडीत चिंधू दिसला. वल्ही मारत सरळ आमच्याकडे. जाळं नाही, टोपली नाही. विचारलं इकडे कुठे. म्हणाला, वयनीनं सकालीच सांगितलेला, ते निंगाले का तू अर्ध्या तासानं मागं जा.

गोदूने.

बाय चिंधूच्या होडीत जाऊन बसली. म्हणाली, फायबरावर पाय सरकतंय. गोणपाटावर नीट मांडी घालून बसली, गुडघे विसरून. चिंधूने माझी बोट मागे दोरीने बांधली. पुढे लाकडी होडी, मागे 'बायजा एक्सप्रेस', तिच्यात कॅप घालून मी एकटा. नोंद म्हणून लिहितो की बोट आता खऱ्या अर्थाने फ्लोट मोडवर होती.

१.२६. धक्का सोडून थोडं आत आल्यावर बायने चिंधूला थांबायला सांगितलं. मधली दोरी हातात घेतली आणि ओढायला लागली. बहात्तर वर्षांची बाई. चाळीस हॉर्सपॉवर आणि मी, दोघं तिच्याकडे ओढले गेलो. हात पुढं कर, म्हणाली. लाइफ जॅकेटमुळे हात नीट वाकेना. तिने दोन काठांमधून राखी बांधली. करंजी तोंडात घातली.

मी म्हटलं, बाय, बोटीने आणणार म्हटलं होतं, झालं नाही. ती म्हणाली, मी बोट कवा मांगितली व्हती रं? रिक्षा आनली असतीस तरी आले असते. चार वरसां मी तुजी वाट बगतंय. बोटीची न्हाय.

मी कॅप काढून ठेवली. फार वाईट वाटलं. चिंधूने वल्ही घातली आणि दोरी पुन्हा ताणली गेली.

२.१०. अंजूरच्या धक्क्यावर पोचलो. सकाळची माणसं होतीच, थोडी जास्त. यावेळी कोणाला हात दाखवला नाही.

१० ऑगस्ट, रविवार. दुपारी ४

चौकशी पूर्ण केली.

फखरुद्दीनभाईंचा फोन आला. म्हणाले, साहेब, मी गुरुवारी घड्याळ दाखवून तेच सांगत होतो. आठला शेड बंद होतं तेव्हा शमीम मेन स्विच पाडून जातो. थेट शनिवारी सकाळी आठला चढवतो. म्हणजे गुरुवारी सव्वा तास आणि शनिवारी एक तास. अडतीस तासांपैकी सव्वादोन. मी म्हटलं, माझ्या लक्षात आलं नाही. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, केसरीनाथसाहेब, तुम्ही आमची बिलं एकतीस वर्षं काढलीत. शुक्रवारी आमचा मीटर फिरलेला कधी बघितलात का?

रजिस्टर मागे चाळलं. ४ जुलै. लाल शाई. अक्षर माझंच आहे.

पुस्तिका आज वाचली, पान दोनपासून बत्तीसपर्यंत. बल्क म्हणजे रिकामी बॅटरी भरायला घेतली आहे. फ्लोट म्हणजे भरली, आता फक्त सांभाळतोय. हिरवा दिवा म्हणजे एवढंच, की भिंतीत लाईट आहे. बॅटऱ्या 'दोन्ही'वर कधीही ठेवू नयेत, एक परत येण्यासाठी बाजूला राखावी, हे पान अकरावर ठळक अक्षरात आहे. चिंधूला वाचता येत नाही.

बोटीचा चार्ज रीतसर देऊन टाकायचा ठरवलं. घेणारा मिळेना. चिंधू म्हणाला, बोट नको, दोरी देतंस का? गोदू म्हणाली, दोरी कपड्यांना लागते, बोटीत मात्र अळू चांगलं येईल. विचाराधीन.

बाय ओटीवर बसून गोदूबरोबर चवळी सोलतेय. तिने सकाळपासून मला तीन वेळा नावाने हाक मारली, काही काम नसताना. तिच्या घरी गणपती असतो, म्हणून २२ तारखेला परत जायचं म्हणते. जाताना रिक्षा, आणि शेजारी मी बसायचं, अशी अट घातली. मी मान्य केली. फाट्यावर जाऊन रिक्षावाल्या रामनाथशी ठरवून आलो. अडीच तास लागतात, लवकर निघू, म्हटलं. तो म्हणाला, २२ला शुक्रवार पडतो काका. शुक्रवारी भिवंडी बंद, ट्रक न्हाय, तासात पोचवतो. दर शुक्रवारी असंच असतंय, तुमाला म्हाईत न्हाय का?

म्हटलं, माहीत आहे.

चार वर्षांत शुक्रवार किती येतात, ते घरी येऊन मांडायला घेतलं आणि सोडून दिलं.

रिक्षा सीएनजीची आहे. विचारून घेतलं.